सब्र रिंगणातला, सब्र रस्त्यावरचा



बॉक्सिंग म्हटले की आपल्या घरांत एकच नाव निघते, मुहम्मद अली. आजोबांना त्याचे सामने आठवतात, वडिलांना त्याचे फोटो आठवतात आणि मुलांनी त्याच्या चित्रफिती मोबाइलवर पाहिलेल्या असतात. या अलीने आपली शेवटची लढत ११ डिसेंबर १९८१ रोजी बहामा बेटांवर खेळली आणि ती तो हरला. वय ३९ होते. पाय जड झाले होते, हात उशिरा उठत होते. ज्यांनी तो सामना पाहिला त्यांना एक युग संपल्यासारखे वाटले.

दुसऱ्याच दिवशी, १२ डिसेंबरला, अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात मेक्सिकोचा एक कुरळ्या केसांचा तरुण पंधरा फेऱ्या लढला आणि त्याने आपला जागतिक किताब राखला. त्याचे वय होते अवघे २२. नाव साल्वादोर सांचेस. जाणकार म्हणत होते की हा मुलगा अजून दहा वर्षे राज्य करील. नेमक्या आठ महिन्यांनी, १२ ऑगस्ट १९८२ रोजी पहाटे, तो या जगात नव्हता.

आपल्याकडे त्याचे नाव फारसे कोणाला माहीत नाही. क्रिकेटच्या गर्दीत ते पोहोचलेच नाही. पण ज्या घरात सोळा ते पंचविशीतला मुलगा आहे, त्या घरात ही हकिकत एकदा तरी सांगितली जावी असे वाटते. म्हणून या महिन्याच्या सदरात सांचेसविषयी.

बाजाराच्या काठावरचे गाव

मेक्सिको सिटीच्या नैऋत्येला, तोलुकाच्या उंच पठारावर सान्तियागो तियांगिस्तेंको नावाचे गाव आहे. मेक्सिकोचे मूळ रहिवासी जी नाउआत्ल भाषा बोलत, त्या भाषेत 'तियांगिस' म्हणजे बाजार. गावाच्या नावाचा अर्थ होतो 'बाजाराच्या काठावर'. आपल्याकडे जसा आठवडी बाजार भरतो आणि पंचक्रोशीतले लोक धान्य, भाजी, कोंबड्या घेऊन येतात, तसाच बाजार तिथे पिढ्यान् पिढ्या भरत आला आहे. समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवरचे हे गाव. थंडी बोचरी, हवा विरळ. मैदानी मुलखातला माणूस तिथे जिना चढला तरी त्याला धाप लागते. तिथेच वाढलेल्या मुलाची छाती मात्र लहानपणापासून अशा हवेला सरावते.

या गावात २६ जानेवारी १९५९ रोजी साल्वादोरचा जन्म झाला. साल्वादोर या स्पॅनिश नावाचा अर्थ तारणारा. घरात आणि पुढे साऱ्या देशात त्याला लाडाने 'चावा' म्हणत. आपल्याकडे अब्दुलचा अब्दू होतो, तसा साल्वादोरचा चावा.

मेक्सिकोत बॉक्सिंगला मोठी परंपरा आहे. गरीब वस्तीतला मुलगा हातमोजे चढवतो, चार सामने जिंकतो, आणि त्याचे नाव गल्लीतून गावात, गावातून राजधानीत जाते. सांचेसच्या लहानपणी रुबेन ओलिवारेस हा तिथला लाडका विजेता होता, मागोमाग कार्लोस सारातेचे नाव गाजू लागले. अशा वातावरणात मुलांना वेड लागले नाही तरच नवल. सांचेसने हौशी सामने फारसे खेळलेच नाहीत. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच खेळला आणि १९७५ मध्ये, सोळाव्या वर्षी, थेट व्यावसायिक रिंगणात उतरला.

सोळावे वर्ष म्हणजे आपल्याकडे दहावी-अकरावीचे. वही-दप्तर सांभाळण्याच्या त्या वयात हा मुलगा पोटासाठी ठोसे मारायला आणि ठोसे खायला शिकत होता. यात कौतुक करण्यासारखे काही आहे असे मी म्हणणार नाही. ज्या मुलाला सोळाव्या वर्षी कमवावे लागते त्याचे बालपण कुठे तरी गहाण पडलेले असते. मात्र त्याने त्या वाटेवर पुढे जे केले, ते समजून घेण्यासारखे आहे.

एक हार

सुरुवातीची दोन वर्षे तो जिंकतच राहिला. बहुतेक प्रतिस्पर्धी नॉकआउट होत होते. अशा वेळी तरुणाच्या डोक्यात काय शिरते ते आपण जाणतो. सप्टेंबर १९७७ मध्ये, अठराव्या वर्षी, मासातलान या बंदराच्या शहरात त्याला मेक्सिकोच्या बँटमवेट किताबासाठी लढण्याची संधी मिळाली. समोर आंतोनियो बेसेर्रा हा वयाने आणि अनुभवाने मोठा मुष्टियोद्धा होता. बारा फेऱ्यांनंतर तीन परीक्षकांत मतभेद झाला आणि निकाल बेसेर्राच्या बाजूने लागला.

सांचेसची ही आयुष्यातली एकमेव हार. पुढे १९७८ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एक सामना बरोबरीत सुटला, तेवढाच. एकूण ४६ लढती, ४४ विजय, त्यांतले ३२ नॉकआउटने, एक बरोबरी, एक हार. आकडे एवढेच सांगतात. पण त्या हारीनंतरचा सांचेस वेगळा होता. आधी तो पुढे घुसून मारणारा होता. आता तो थांबू लागला, पाहू लागला. समोरचा ठोसा मारायला हात उचलतो तेव्हा त्याची छाती उघडी पडते, हनुवटी उघडी पडते. तो क्षण येईपर्यंत वाट पाहायची, पाय हलते ठेवायचे, आणि क्षण आला की नेमका ठोसा द्यायचा. बॉक्सिंगमध्ये याला प्रतिठोशाची कला म्हणतात. पुढे जग त्याला या कलेचा उस्ताद मानू लागले.

उर्दूत आपण सब्र म्हणतो, मराठीत संयम म्हणतो. मुलांना हा शब्द सांगितला की त्यांना वाटते सब्र म्हणजे गप्प बसणे, सोसत राहणे. सांचेसचे जुने सामने पाहिले की कळते, सब्र म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. तो एक क्षणही स्वस्थ नसतो. डोळे समोरच्यावर, पाय हलते, हात तयार. फक्त घाई नाही.

फिनिक्सची दुपार

फेदरवेट हा त्याचा वजनगट. त्याची मर्यादा १२६ पौंड, म्हणजे साधारण ५७ किलो. आपल्या कॉलेजातल्या सडपातळ मुलाचे असते तेवढे वजन. १९८० च्या सुरुवातीला या गटातला वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलचा विजेता होता अमेरिकेचा डॅनी लोपेझ. त्याने १९७६ मध्ये घानाच्या अक्रा शहरात जाऊन किताब जिंकला होता आणि तेव्हापासून आठ वेळा राखला होता. लोपेझची ख्याती अशी की तो खाली पडायचा, उठायचा आणि उठल्यावर समोरच्याला झोपवायचा. प्रेक्षकांना तो फार आवडे.

२ फेब्रुवारी १९८० रोजी ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात लोपेझसमोर सांचेस उभा राहिला. त्याला एकवीस पूर्ण होऊन सातच दिवस झाले होते. अमेरिकेत त्याला ओळखणारे थोडे. बहुतेकांना वाटले, लोपेझसाठी आणखी एक सोपा दिवस.

पहिल्या फेऱ्यांतच चित्र स्पष्ट झाले. लोपेझ मोठे, वजनदार ठोसे फेकत होता आणि ते हवेत जात होते. प्रत्येक चुकलेल्या ठोशामागे सांचेसचा हात पोहोचत होता. लोपेझचा चेहरा फाटला, डोळे सुजले, तरी तो पुढे येत राहिला. तेराव्या फेरीत पंचांनी सामना थांबवला. तियांगिस्तेंकोचा मुलगा जगज्जेता झाला. त्याच महिन्यात मेक्सिकोतल्या कुलियाकान शहरात आणखी एका मुलाने पहिला व्यावसायिक सामना खेळला. त्याचे नाव होते हुलियो सेसार चावेस. पुढे तो मेक्सिकोच्या सर्व काळातल्या थोर बॉक्सरांत गणला गेला.

जूनमध्ये लास वेगासला लोपेझ आणि सांचेस पुन्हा भिडले. लोपेझने पुन्हा तसाच जीव ओतला आणि चौदाव्या फेरीत पुन्हा तसाच थांबवला गेला. मधल्या काळात आणि नंतर सांचेस लढतच राहिला. आज मोठे विजेते वर्षात एक-दोन सामने खेळतात. सांचेसने १९८० या एका वर्षात किताब जिंकला आणि चार वेळा राखला. रुबेन कास्तियो, डॅनी लोपेझ, गयानाचा पॅट्रिक फोर्ड आणि प्युएर्तो रिकोचा हुआन लापोर्ते. डिसेंबरात ही शेवटची लढत संपली तेव्हा अजून त्याचे बावीस पूर्ण झाले नव्हते.

बढाईखोर आणि अबोल

सांचेसच्या आयुष्यातला सर्वांत गाजलेला सामना २१ ऑगस्ट १९८१ चा. लास वेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये झालेला. समोर प्युएर्तो रिकोचा विल्फ्रेदो गोमेस. एका गटाने खालचा, पण त्याची कामगिरी पाहून छाती दडपावी अशी होती. पहिला सामना बरोबरीत, आणि त्यानंतरचे सगळेच्या सगळे ३२ सामने नॉकआउटने जिंकलेले. आपला किताब त्याने तेरा वेळा राखला होता आणि तेराही वेळा समोरच्याला पंधरा फेऱ्या पूर्ण करू दिल्या नव्हत्या.

शिवाय या सामन्याला जुने वैर होते. १९७८ मध्ये गोमेसने मेक्सिकोच्या कार्लोस सारातेला पाचव्या फेरीत चीत केले होते. तोपर्यंत साराते एकही सामना हरला नव्हता. मेक्सिकोची ती जखम ताजी होती. गोमेस तोंडाचाही तिखट. सामन्याआधी त्याने खूप बढाया मारल्या. सांचेस जवळजवळ गप्प. दोन देशांचे चाहते बँडबाजे घेऊन आले होते. लोकांनी या लढतीला 'छोट्या महारथींची लढाई' म्हटले.

घंटा वाजून मिनिटही झाले नव्हते, तोच गोमेस जमिनीवर होता. सांचेसचा ठोसा इतका नेमका बसला की उठल्यावरही गोमेसचे पाय त्याच्या हुकमात नव्हते. तरी गोमेसने हार मानली नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. गालाचे हाड मोडले, डोळे सुजून मिटत चालले, आणि तरीही मधल्या फेऱ्यांत त्याने सांचेसला चांगले ठोसे मारले. सांचेस घाबरला नाही, चिडलाही नाही. आपले काम करत राहिला. आठव्या फेरीत गोमेस दोरांवर कोसळला आणि पंचांनी लढत थांबवली.

त्या वर्षी 'द रिंग' या बॉक्सिंगच्या प्रसिद्ध मासिकाने वर्षातला सर्वोत्तम मुष्टियोद्धा म्हणून दोन नावे जाहीर केली. एक अमेरिकेचा शुगर रे लेनर्ड, दुसरा साल्वादोर सांचेस. लेनर्ड जाहिरातींत झळकणारा, ऑलिंपिक विजेता, इंग्रजीत गोड बोलणारा. सांचेस मेक्सिकोच्या एका बाजारगावातला, कमी बोलणारा. दोघे एका पानावर आले.

१३५ फेऱ्या

इथे एक हिशेब मांडतो. सांचेसने जागतिक किताबासाठी एकूण दहा लढती केल्या. एक जिंकण्यासाठी, नऊ राखण्यासाठी. त्या दहा लढतींच्या फेऱ्या अशा: १३, १५, १४, १५, १५, १०, ८, १५, १५, १५. बेरीज १३५. दहापैकी सहा वेळा सामना पंधराव्या फेरीपर्यंत गेला. तेव्हा किताबाची लढत पंधरा फेऱ्यांची असे. एक फेरी तीन मिनिटांची, मध्ये एक मिनिट विश्रांती. शेवटच्या फेऱ्यांत बहुतेकांचे हात खाली येतात, श्वास पुरत नाही, डोके चालत नाही. सांचेस मात्र तेव्हाच अधिक धारदार होई. ह्यूस्टनमध्ये १९७६ च्या ऑलिंपिकचा कांस्यपदक विजेता, इंग्लंडचा पॅट काउडेल त्याला फार भारी जात होता. सांचेसने त्याला खाली पाडले ते पंधराव्या फेरीत, आणि परीक्षकांच्या विभागलेल्या निकालात किताब वाचवला.

याच पंधराव्या फेरीची सर्वांत मोठी कहाणी २१ जुलै १९८२ ची. न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन. ठरलेला प्रतिस्पर्धी जखमी झाला आणि ऐनवेळी घानाचा एक अनोळखी तरुण उभा केला गेला, अझुमा नेल्सन. अक्रात वाढलेला, जेमतेम तेरा व्यावसायिक सामने खेळलेला. तयारीला थोडेच दिवस मिळालेले. प्रेक्षकांना वाटले, दोन-चार फेऱ्यांचा खेळ.

नेल्सन वाघासारखा लढला. सातव्या फेरीत सांचेसने त्याला पाडले, तो उठला आणि पुन्हा तुटून पडला. फेरीमागून फेरी जात राहिली आणि कोण जिंकेल ते सांगता येईना. शेवटी पंधराव्या फेरीत सांचेसचे ठोसे एकापाठोपाठ एक बसले, नेल्सन पडला, उठला, आणि पंचांनी त्याला सावरत सामना थांबवला. आणखी थोडा वेळ गेला असता तर घंटा वाजली असती. चौदा फेऱ्या बरोबरीने झुंजलेल्या नवख्या नेल्सनला त्या रात्री हार मिळाली, पण जगाने त्याची नोंद घेतली.

सांचेसची ही शेवटची लढत ठरली.

पहाटेचा रस्ता

त्या वेळी सांचेस २३ वर्षांचा होता. घरी पत्नी होती, लहान मुले होती. सप्टेंबरमध्ये हुआन लापोर्तेशी पुन्हा सामना ठरला होता आणि त्याची तयारी मेक्सिकोच्या मध्यभागी, गजबजाटापासून दूर चालू होती. बॉक्सिंग आयुष्यभर करायची नाही असे त्याने मनाशी ठरवले होते. हातमोजे उतरवल्यावर वैद्यकीय शिक्षण घ्यायचे, डॉक्टर व्हायचे, असे तो मुलाखतींत सांगत असे. ज्या हातांनी इतक्यांचे चेहरे फोडले, त्या हातांना जखमा शिवायच्या होत्या. सोळाव्या वर्षी जे बालपण गहाण पडले होते ते सोडवून घेण्याचा हा त्याचा बेत असावा. आणि वेळ तर भरपूर होता. तेविसाव्या वर्षी कोणाला वाटत नाही की वेळ भरपूर आहे?

१२ ऑगस्टच्या पहाटे, उजाडण्याआधी, तो केरेतारो ते सान लुइस पोतोसी या हमरस्त्यावर आपली पोर्शे गाडी एकटाच चालवत होता. वेगासाठी जगभर नावाजलेली गाडी. अंधारात तिची मालवाहू ट्रकशी टक्कर झाली आणि तो जागीच गेला.

मेक्सिकोसाठी तो आठवडा तसाही काळा होता. देशावर परकीय कर्जाचा डोंगर झाला होता आणि त्याच ऑगस्टच्या मध्यास सरकारने अमेरिकेला आणि नाणेनिधीला कळवले की हप्ते भरता येणार नाहीत. पेसोची किंमत कोसळली होती, लोकांची बचत डोळ्यांदेखत वितळत होती. अशा दिवसांत ज्याच्याकडे पाहून मान ताठ व्हावी असा एक मुलगा होता, तोही गेला. बाजाराच्या काठावरच्या गावाने आपला चावा परत घेतला आणि आपल्याच मातीत ठेवला.

मागे काय राहिले

मरणाऱ्याच्या मागे काय राहते ते कधी कधी त्याच्या प्रतिस्पर्ध्यांकडे पाहून कळते. सांचेसचा रिकामा झालेला किताब सप्टेंबर १९८२ मध्ये हुआन लापोर्तेने जिंकला. १९८४ मध्ये लापोर्तेकडून तो विल्फ्रेदो गोमेसने घेतला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गोमेसकडून अझुमा नेल्सनने. म्हणजे एकामागून एक तिघांनी तो पट्टा कमरेला बांधला, आणि तिघांनाही सांचेसने आधी हरवलेले होते. नेल्सन पुढे वरच्या गटातही जगज्जेता झाला आणि आज तो आफ्रिकेतल्या सर्वांत थोर मुष्टियोद्ध्यांत मोजला जातो. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनास्टोटा गावी बॉक्सिंगचे आंतरराष्ट्रीय कीर्तिमंदिर आहे. तिथे १९९१ मध्ये सांचेसचे नाव लागले, १९९५ मध्ये गोमेसचे, २००४ मध्ये नेल्सनचे. नेल्सनने जवळपास चाळिशीपर्यंत हातमोजे वापरले. सांचेसला तेवढे आयुष्य मिळाले असते तर, हा प्रश्न बॉक्सिंगचे शौकीन आजही एकमेकांना विचारतात.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर शिक्षक म्हणून मी अर्धाच धडा शिकवला असे होईल. बॉक्सिंग हा धोक्याचा खेळ आहे. सांचेस गेला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, लास वेगासच्या त्याच सीझर्स पॅलेसमध्ये, कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत मेंदूच्या दुखापतीने मरण पावला. वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलचे मुख्यालय मेक्सिको सिटीत. तिचे अध्यक्ष होते होसे सुलैमान, लेबनॉनहून मेक्सिकोत आलेल्या कुटुंबातले. किमच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच त्यांच्या संघटनेने पंधरा फेऱ्यांच्या बारा केल्या आणि हळूहळू बाकीच्यांनीही केल्या. ज्या तीन फेऱ्यांत सांचेसची खरी कला दिसे, त्याच फेऱ्या माणसांचा जीव घेत होत्या, हे जगाला मान्य करावे लागले. अलीलाही १९८४ मध्ये कंपवाताचे निदान झाले. त्याचा तो थरथरणारा हात आपण सर्वांनी पाहिला आहे.

म्हणून एखाद्या मुलाने बॉक्सिंगचा हट्ट धरला तर त्याला चांगला प्रशिक्षक, डोक्याचे संरक्षण, वेळोवेळी वैद्यकीय तपासणी आणि हातात पुस्तक, एवढे तरी मिळाले पाहिजे. नुसत्या टाळ्यांवर मूल रिंगणात सोडू नये.

पण विचार करा, सांचेसला रिंगणाने मारले नाही. जागतिक किताबाच्या १३५ फेऱ्या, लोपेझचे वजनदार ठोसे, गोमेसचे ते हात, नेल्सनची ती झुंज, या सगळ्यांतून तो धडधाकट बाहेर आला. त्याला नेले ते एका रस्त्याने. अपघातात त्याची चूक किती आणि दैव किती, हे मोजणारे आपण कोणी नाही. पण एवढे खरे की रिंगणात त्याच्याजवळ जे जे होते, ते रस्त्यावर त्याच्याजवळ नव्हते. रिंगणात पंच असतो, तो हात मध्ये घालून थांबवतो. कोपऱ्यात उस्ताद असतो, तो दर तीन मिनिटांनी पाणी पाजतो आणि चूक सांगतो. घंटा असते. समोरचा तुमच्याच वजनाचा असतो, कारण वजनकाट्यावर उभे राहिल्याशिवाय कोणालाच आत सोडत नाहीत. रस्त्यावर ५७ किलोच्या माणसासमोर कित्येक टनांचा ट्रक येतो आणि मध्ये कोणी पंच नसतो.

आपल्या घरांतली मुले बॉक्सर होणार नाहीत, निदान बहुतेक नाहीत. पण मोटारसायकल बहुतेकांना हवी असते. बारावी पास झाला म्हणून, नोकरी लागली म्हणून, कधी लग्नात म्हणून ती येते. रात्री उशिरा मित्राच्या वलीम्याहून परतताना, पहाटे गावाहून कामावर निघताना, आपला मुलगा त्या रस्त्यावर एकटा असतो. आणि आपण दारात उभे राहून एवढेच म्हणतो, 'सांभाळून जा रे'. तो 'हो अम्मी' म्हणतो आणि पहिल्या वळणावरच वेग वाढवतो. कारण त्यालाही वाटते, वेळ भरपूर आहे. त्याच्या तरुणपणावर रागावण्यात अर्थ नाही. तरुणपण असेच असते.

पण आपण त्याला सांगू शकतो की सब्र हा गुण एकाच जागी वापरून चालत नाही. अभ्यासात संयम, धंद्यात संयम, बोलण्यात संयम, आणि हातात हँडल आले की संयम संपला, असे नको. पहाटेचा प्रवास टाळता आला तर टाळावा. झोप येत असेल तर थांबावे, चहा प्यावा, वाटल्यास मित्राकडे मुक्काम करावा. हेल्मेट पोलिसांच्या भीतीने नव्हे, घरच्यांसाठी घालावे. आणि वडीलधाऱ्यांनी 'अजून पोहोचला नाहीस?' असा फोन गाडी चालवणाऱ्याला करू नये. त्या फोननेही घाई वाढते. 'उशीर झाला तरी चालेल, थांबत ये' असा निरोप तो निघण्याआधीच द्यावा.

चावाला डॉक्टर व्हायचे होते. मेक्सिकोच्या कुठल्या तरी गावात आज एक साठी ओलांडलेला, पांढऱ्या कुरळ्या केसांचा डॉक्टर रुग्ण तपासत बसला असता. बाहेर बाकावर बसलेली म्हातारी माणसे एकमेकांना सांगत असती की हे डॉक्टर तरुणपणी जगज्जेते होते बरे का. ती खुर्ची रिकामी राहिली.

आपल्या घरातली खुर्ची रिकामी राहू नये. आज रात्री तुमचा मुलगा घरी आला की त्याला ही गोष्ट सांगा. वाटल्यास सांचेसचा आणि नेल्सनचा तो सामनाही त्याच्याबरोबर बसून पाहा. पंधरावी फेरी सुरू होईल तेव्हा त्याला विचारा, हा एवढा वेळ कशासाठी थांबला असेल? उत्तर त्याचे त्याला शोधू द्या.